तिघा चौकीदारांचं कांबळं

८ फेब्रुवारी १९८२, सोमवार
माझ्या पोरीच्या, मंगलाच्या, जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहून राहिली. चौथी पास आहे, चुका होतील. कोणाले दाखवायचं नाही. घरात बसून करू तरी काय.
आज बालवाडीत आत घेतलं नाही. बाईंनी फाटकातच माझे हात पाहिले. बोटांच्या बेचक्या, मनगट. "सुमन, पुन्हा आली गं ही." मी म्हटलं दोन दिवसात जाईल. "मागच्या वेळी पण हेच म्हणालीस. पोरं तुझ्या मांडीवर झोपतात." दवाखान्याची चिठ्ठी आणली तरच आत. एक मार्चपर्यंत वाट पाहणार, मग दुसरी आया ठेवणार. अकरा वर्षं झाली मले तिथं.
खरूज. दिवाळीपासून तिसरी वेळ.

९ फेब्रु., मंगळ
दवाखान्यात तीन तास. डॉक्टरीणबाई चिडल्या. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत, पांढरं औषध. कपडे उकळायचे. गोधड्या उन्हात. हे सगळं मी दोनदा केलं आहे बाई. चौघं आहोत. मी, हे, सासू, मंगला. दोनदा गेली अन् दोनदा तीन आठवड्यांनी परत आली.
"मग कोणीतरी एक जण राहून जातंय," म्हणे. औषध संपलं, पुढच्या आठवड्यात या.
नळावर शांताबाईनं बादली मागं सरकवली. "वहिनी, तुमी सगळ्यायच्या मांगून भरा ना. वाईट नका मानू." वाईट काहून मानू. मानलंच. एक वाजता पाणी गेलं, माझी बादली अर्धी.

११ फेब्रु., गुरु
सासू सकाळपासून एकच रट लावून. "त्या बकरीच्या कानाकडं पाय वं. कशी खपली धरली. तिच्यापासूनच आली घरात." कान खरंच खराब झाले होते चंद्रीचे. केस झडलेले, अंग भिंतीले घासत राहायची.
उमरेडकडचा बकऱ्या चारणारा दारावरून चालला होता, त्याले देऊन टाकली. दोर हातात दिला अन् दार लावून घेतलं. मंगला जेवली नाही. सासूले चहाले दूध नाही, आता त्याची रट. मी म्हटलं तुमीच म्हटलं ना. "मी कान पाय म्हटलं, दे कुठं म्हटलं?"

१४ फेब्रु., रवि
वसंता आला. माझा लहान भाऊ, सरकारी रोपवाटिकेत माळी आहे. आल्या आल्या अंगणात. "ताई, ह्या वांग्याचं काय करून ठेवलं?"
"पाणी देऊन राहिली रोज."
"पाण्याचं नाही. पान उलटं करून पाय."
पानं पिवळी पडलेली मले दिसत होतीच. मांगून बारीक जाळं होतं. त्यानं याच वहीचं कोरं पान फाडलं, त्यावर वांग्याचं पान झटकलं. धूळ पडली. "थांब जराशी." थांबली. मंग ती धूळ चालाले लागली.
साहेबानं टाकून दिलेलं तडकलेलं भिंग आहे त्याच्याजवळ. त्यातून पाहिलं. लाल, खसखशीपेक्षा बारीक, आठ पाय. मले शिसारी आली. तो म्हणे किडा नाही हा, कोळ्याच्या जातीचा आहे.
मी विचारलं, हातातली खरूज पण यायचीच का.
"जात एकच, घरं वेगळी. वांग्याचा वांग्यावर जगते. कोंबडीचा दिवसा खुराड्याच्या फटीत लपते, अंधार पडला का रगत पिते. जुन्या ज्वारीच्या पोत्यात एक असते, हमालायले चावते. अन् तुह्या हातातला माणसाच्या चामडीत भुयार करते, तिथंच अंडे घालते. माणूस भेटला नाही तर चार-पाच दिवसांत मरते."
"अन् बकरीचा?"
"बकरीचा बकरीवर. तुले चावला तरी घर नाही करत."
"मंग मी बकरी काहून दिली?"
"मले काहून विचारतं? इकायच्या पहिले सांगितलं असतं तर गंधक अन् करंजाचं तेल लावून आठ दिवसांत साफ करून दिली असती."
इकली नाही, फुकट दिली, हे सांगितलं नाही त्याले.
भिंग माझ्या बोटावर धरलं. किडा दिसला नाही, रेघ दिसली. वाकडी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. माझ्या चामडीत कोणी रस्ता करून राहिलं अन् मीच घराबाहेर जाऊ शकत नाही. वांग्यासाठी गंधकाची पुडी देऊन गेला. पोत्यानं आणीन म्हणे पाहिजे तर.

१५ फेब्रु., सोम
दवाखाना. आज डॉक्टरीणबाई शांत होत्या. एकेकाचं विचारलं, कोण कुठं झोपतं, कोणाची गोधडी कोण घेतं. सासू घराबाहेर जात नाही. मंगला सासूजवळ. मी खाली.
"आणि मिस्टर?"
म्हटलं ते रात्री घरी नसतात. धान्याच्या गोदामावर चौकीदार आहेत, कळमन्याकडं. चौकीदार कुठं झोपतो बाई. त्या हसल्या, मी पण हसली.
औषध शनिवारी भेटल.

१७ फेब्रु., बुध
दिवसपाळीचा चौकीदार लग्नाले गेला म्हणून यायले अन् यायच्या जोडीच्यायले आज दिवसाची पण ड्युटी. डबा घेऊन गेली. दोन बस, मंग पायी. गोदामात मी कधी गेली नव्हती.
फाटकावर मुनीम बसते. आत जाणाऱ्याले विचारत नाही, बाहेर जाणाऱ्याची थैली उलटी करून पाहते, धान्य जाऊ नये म्हणून.
आत थप्प्यायच्या मांगं पोते असे रचले आहेत का मधात एक माणूस झोपल एवढी जागा. तिथं किसनदादा बसले होते, यायच्या जोडीचे म्हातारे चौकीदार. मांडीवर काळं कांबळं. एका हातानं दुसऱ्या हाताची बेचकी खाजवून राहिले होते.
मी पाहतच राहिली.
"या वहिनी. काय पाहून राहिल्या? हे कांबळं म्हणजे आमा तिघायची एकच बायको आहे. तीन घंटे याच्याजवळ, तीन घंटे त्याच्याजवळ. रात्रभर थंडी होत नाही बिचारी."
यायनं डबा हातातून घेतला. "घरी जाय."
तिसरा पांडुरंग, पोत्यावर उभा. त्याचं पोट दिसलं. बेंबीभोवती सगळं लाल.

१८ फेब्रु., गुरु
भांडण.
हे म्हणे ती ज्वारीच्या पोत्याची खाज आहे, सगळ्या हमालायले असते. मी म्हटलं, मंग पोतं घरी आणून तुमच्या मायजवळ निजवलं होतं का?
यायले दिवाळीपासून माहीत होतं. मी कपडे उकळून राहिली, बकरी गेली, नळावर मांगून पाणी भरून राहिली, अन् हे चूप. काहून, तर चौकीदाराले झोपायची मनाई. गोदामाच्या शेठनं कामावर लावतानाच सांगितलं होतं. गोदामात कांबळं सापडलं म्हणजे तिघंही त्याच दिवशी बाहेर. डॉक्टरणीले सांगू नको, ती तिघायले बोलावल, गोष्ट फुटल.
"मंग कांबळं घरी आणा. उकळून देते."
"मुनीम थैली पाहते."
"जाळा."
"गोदामात जाळू? डोकं फिरलं का तुहं?"
सासू आतून, "काय झालं रे?" मी म्हटलं, काही नाही.
सांगितलं तर यायची नोकरी जाते. नाही सांगितलं तर माझी. मी पातेलं आपटलं, दुसरं काय करणार.

२० फेब्रु., शनि
वसंता म्हटला होता चार-पाच दिवस माणूस नाही भेटला तर मरते. मी आठ धरले. कांबळं रिकाम्या पोत्यात घालून तोंड शिवायचं. आठ दिवस कोणी अंगावर घ्यायचं नाही. त्या जागेतही झोपायचं नाही.
हे म्हणे, "आठ रात्री सलग जागं राहू?"
चौकीदाराले रात्री जागं रहा म्हणून सांगून राहिली मी. अन् तेही हातापाया पडून.
घरच्यायले दवाखान्याचं औषध. किसनदादा अन् पांडुरंगासाठी वसंताच्या गंधकाचा मलम केला तेलात कालवून, डब्याच्या खालच्या खणात दिला. आज, उद्या, परवा, तीन दिवस. सगळे मिळून सहा जण झाले. सासूले मीच लावलं. कुरकुर केली, "जळते वं, जळते." बगल सोडत होती, हात वर करून धरला अन् लावलं.

२१ फेब्रु., रवि
कांबळं शिवलं. किसनदादानं दाभणानं शिवलं म्हणे. पांडुरंगानं मलम लावला, मुनीम वास घेऊन म्हणे कोणी फटाके फोडले का रे. हे सांगताना हसले. सकाळी आले ते चहा न घेता खाटेवर पडले, चार वाजेपर्यंत उठले नाही.
वीस वर्षांत रात्रपाळीचा हा माणूस सकाळी आला का चहा पिऊन चौकात गप्पा माराले जाते. मले वाटायचं किती कणखर. आता समजलं.

२३ फेब्रु., मंगळ
कालही झोपले, आजही. डोळे लाल, चिडचिड. मंगलानं रेडिओ लावला तर ओरडले. सासू मले म्हणते, "माह्या पोराचं काय करून ठेवलं वं?"
घोरण्याचा आवाज ऐकत भाजी चिरली. बरं वाटलं ऐकाले.
वांग्यावर गंधक मारलं. जुनी पानं गेली ती गेली, शेंड्याले दोन नवी आहेत.
माझी खाज कमी. नवी पुटकुळी नाही.

२४ फेब्रु., बुध
आज आले ते तोंड धुऊन आलेले. सायकलची घंटी वाजवत. चहा मांगितला, बिस्कूट मांगितलं, किसनदादाचा एक चावट किस्सा सांगितला, चौकात गेले. दुपारी जेवाले आले.
मी विचारलं, झोपायचं नाही?
"सवय झाली आता."
चार रात्रीत.

२५ फेब्रु., गुरु
आजही चौकात. यायचं अंथरूण वेगळं केलं, ताट वेगळं, कपडे रोज उकळून राहिली. म्हणे, "मले पण फाटकात उभं करशील का?"
म्हटलं, कांबळं उसवलं नाही अशी शपथ घ्या. मंगलाची घ्या.
"पोरीची शपथ चौकीदारीवर? काही अक्कल?" घेतली नाही.
गोदामात जाऊन शिवण पाहून यावं वाटलं. गेली तर मुनीम विचारल, परत परत काहून येता बाई.

२७ फेब्रु., शनि
डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, कोपर, कंबर. "छान. गेली." चिठ्ठी लिहाले घेतली. लिहिता लिहिता विचारलं, "सगळ्यांनी नीट पाळलं ना? कोणी राहिलं नाही?"
"नाही."
शिक्का मारला.
तिथून बालवाडीत. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "सोमवारी नऊला ये. सुटले मी, दुसरी बाई मला पसंतच नव्हती." खिडकीत पोरं जमली. छबी म्हणून आहे चार वर्षांची, माझ्याशिवाय झोपत नाही. गजातून हात काढला तिनं, "आया, हात दे." मी हात पदरात धरून उभी होती. म्हटलं सोमवारी.

२८ फेब्रु., रवि
हे म्हणे, "झाले ना आठ दिवस. चिठ्ठी भेटली ना. मंग आता काय तोंड पाडून बसली?"
मी म्हटलं मले फक्त खरं सांगा. मी शेठले सांगणार नाही, डॉक्टरणीले सांगणार नाही. कांबळं कधी उसवलं?
खाटेची सैल दोरी ओढून बसवली. मंग म्हणे, "पांडुरंगाले ताप आला होता. थंडी वाजून राहिली होती त्याले. मंग काय, मरू देऊ?"
"अन् तुमी?"
उठून गेले.
मागच्या दोन वेळेस पण अशीच गेली होती. अन् तीन आठवड्यांनी...
आणखी आठ दिवस थांबते म्हणून बाईंकडं गेली तर विचारतील काहून. काय सांगू. नाही थांबली तर ती पोरं.

१ मार्च, सोम
आंघोळ झाली. चिठ्ठी पदराले बांधली.
हे आले, दारातच बसले. न विचारता हात पुढं केला. "पाय, तुह्या समाधानासाठी." उजव्या हाताच्या बेचकीत एक बारीक दाणा. "डास आहे," म्हणे. असू शकते. डास पण आहेत सध्या. माझे हात पाहिले, खिडकीच्या उजेडात, तीनदा. काही नाही. आज तरी काही नाही.
सासू म्हणते जाय ना वं, उशीर होऊन राहिला. मंगला दोनदा म्हटली, "आई, साडेआठ झाले."
चपला घालून बसली आहे. लिहून राहिली.