मुठीतली गोळी

माहूर,
शुक्रवार, ५ जानेवारी

प्रिय वर्षाराणी,

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. हस. फोनवर तू रागावली असतीस आणि मी रडले असते, म्हणून कागद घेतला. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत ना? पाणी पितेस ना? नांदेडच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर आपण दोघी कशा कण्हत पडायचो! सिकलसेलचं दुखणं उठलं की हाडात कुणी सळई फिरवतंय असं वाटायचं. वर्षातून चार-चारदा भरती. मग डॉक्टरांनी ती रोजची गोळी चालू केली आणि आपण माणसांत आलो. त्यानंतर दोन वर्षांत मी एकदाही भरती झाले नाही. सासूबाई गल्लीभर सांगत फिरतात, "आमची सून आता लई ठणठणीत हाय."

ठणठणीत झाले तसं मला लेकरू हवंसं वाटायला लागलं. अश्वजितचा रिपोर्ट साफ आहे, बाळाला हा आजार होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आधी तीन महिने गोळी बंद करावी लागेल आणि तेवढ्यात दुखणं उलटू शकतं, म्हणून ठरवाल तेव्हा आधी आम्हाला सांगा, असंही बजावलं. परत येताना जीप चालवता चालवता अश्वजित एवढंच बोलला, "मला लेकरू नको, तू पायजे." झालं, विषय संपला. मला काय हवं ते कुणी विचारलंच नाही. असा राग आला त्याचा!

रोज सकाळी चहासोबत तो स्वतः गोळी माझ्या हातावर ठेवतो आणि मगच गडावर भाविक न्यायला निघतो. एक ऑगस्टपासून मी ती मुठीत लपवते आणि त्याची पाठ वळली की मोरीत टाकते. ऑक्टोबरच्या तपासणीला अंगात कणकण असल्याचं सोंग केलं, तर बिचारा एकटाच जाऊन गोळ्या घेऊन आला.

वर्षे, मला दिवस गेलेत. दोन महिने झाले. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आनंद झालाय, खूप झालाय. पण चार दिवसांपासून नडग्या ठणकायला लागल्यात आणि आज पाठही धरलीय. सासूबाई म्हणतात, थंडीनं असेल. ही थंडी नव्हे, हे मला कळतं आणि तुलाही कळेल. मला फार भीती वाटतेय गं.

सोमवारी नांदेडला येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. अश्वजितलाही तिथंच सांगेन, इथं धीर होत नाही. पण सोमवारपर्यंत अंग साथ देईल याचा भरवसा नाही, म्हणून उद्या पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या शेजारच्या तारामतीकडे हे पत्र देतेय. त्याआधी दुखणं उठलं तर मला तोंडातून शब्द काढता यायचा नाही. अश्वजित मला जीपमध्ये घालून आणेल आणि पहिला फोन तुलाच करेल. डॉक्टर विचारतील, गोळी चालू आहे का? तो छातीवर हात ठेवून सांगेल, रोज माझ्या हातानं देतो. बाळाचं तर त्याला ठाऊकच नाही. तेव्हा तू हे पत्र डॉक्टरांच्या हातात दे. आणि अश्वजितला कुणी खोटारडा म्हणू देऊ नको.

तुझीच,
उज्वला