दोनशे चोवीस तुकडे आणि माझे कान

३ मार्च, सकाळ
हॉलचे सुपरिंटेंडंट महिनाअखेर निवृत्त होणार. बारा हजार खुर्च्यांचा हॉल. त्यातली कामाची खुर्ची एकच, आणि ती माझी. मॅनेजरसाहेबांना आडून विचारलं. "बघू" म्हणाले. साहेबांचे "बघू" तेरा वर्षं ऐकतोय. हा होकाराचा होता.
स्पर्धेत फक्त चष्मेवाली. नोकरीला आठ महिने. मला काका म्हणते.

दुपार
साहेब म्हणाले, शनिवारची बास्केटबॉलची मॅच सुरळीत पार पाडेल त्याचा विचार होईल. गुरुवारी कॉन्सर्ट. म्हणजे लाकडी कोर्ट उचला, स्टेज बांधा, स्टेज मोडा, कोर्ट परत मांडा. दोनशे चोवीस तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. नंबर बघून काय, कोणीही मांडेल. डोकं चालवलं पाहिजे.

४ मार्च
चाललं. तुकडे उचलून झाल्यावर सगळ्यांच्या पाठी घासून घेतल्या. साहेबांना सांगितलं, स्वच्छता. आता कुठला तुकडा कुठला हे एकट्या मला कळणार. मी ठोकून आवाजावरून ओळखतो. माझ्याशिवाय हॉलचं पान हलणार नाही.
चष्मेवाली किंचाळली, "काका, नंबर घालवले?" एक तुकडा ठोकून दाखवला. म्हटलं, हा बास्केटखालचा. ती उचलताना प्रत्येक तुकड्याचे मोबाइलवर फोटो काढत होती, पुढून आणि पाठून. या पिढीला फोटो काढल्याशिवाय घास गिळवत नाही.

६ मार्च
कॉन्सर्ट. गेटवर कानात घालायला बोळे वाटत होते. घेतले नाहीत. स्पीकरला टेकून देखरेख केली.

७ मार्च, सकाळी ७
कानात शिट्टी. तुकडा ठोकला: शिट्टी. दुसरा ठोकला: तीच शिट्टी. हरकत नाही. अनुभव कानात नसतो, अंगात असतो.

दुपारी १
कोर्ट मांडून झालं. मधलं वर्तुळ अर्धं गेटपाशी, अर्धं स्कोअरबोर्डखाली. पाच तुकडे कुठेच बसेनात. स्पेअर असावेत. लोक मॅचला येतात, जमीन बघायला नाही.

दुपारी २
साहेब आले. हातवारे करत बराच वेळ बोलले. शिट्टीमुळे ऐकू आलं नाही. भारावलेले दिसले.

८ मार्च
मॅच वेळेवर. काल चष्मेवालीने लाकडाच्या रेषा फोटोंशी ताडून, फोटोतल्या नंबरांप्रमाणे संध्याकाळपर्यंत कोर्ट पुन्हा मांडून घेतलं. तुकडे मी वाहिले. श्रेय अर्धं-अर्धं.

३१ मार्च
शिट्टी थांबली. आज साहेबांचं स्वच्छ ऐकू आलं: खुर्ची चष्मेवालीला. त्या खुर्चीचं एक चाक तसंही निखळलेलं आहे.
तिने पहिलीच ऑर्डर काढली. दोनशे चोवीस तुकड्यांच्या पाठीवर नंबर घालायचे, ब्रशने. काम माझ्याकडे. वर म्हणाली, "काका, अक्षर सुवाच्य हवं."
बायकोला सांगितलं, सबंध कोर्टाची जबाबदारी माझ्यावर आली.
म्हणाली, तो ब्रश माझ्या बेसिनमध्ये धुवायचा नाही.