कृपया बोलू नये

६ ऑगस्ट १९६७, रविवार. लोणावळा.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचण्यासाठी नाही. पुढे मलाच आठवायला हवं की हे सगळं सुरू कुठून झालं.

काल पुण्याला हेड ऑफिसात मीटिंग. मालक हौशीराम शेटना जेवायला जायचं होतं म्हणून लवकर आटपली. बाहेर धो धो पाऊस, छत्री बसमध्ये राहिलेली, म्हणून एका व्याख्यानाला जाऊन बसलो. विषय: इन्फर्मेशन सिस्टिम. परदेशात म्हणे खोलीएवढं यंत्र असतं. त्याला तोंडानं काही विचारायचं नाही. कागदाला भोकं पाडून आत सरकवायचा, उत्तर छापून बाहेर. मध्ये 'बसा हो जरा' नाही, चहा नाही, काही नाही. मी थक्क झालो.

परतीच्या लोकलमध्ये विचार करत बसलो. तळेगाव यायच्या आत योजना तयार.

आमच्या 'सह्यशोभा टुरिंग कंपनी'ची लोणावळा शाखा म्हणजे मी, ड्रायव्हर भिमाजी आणि एक बस. कार्ला, भाजे, वळवण धरण, खंडाळा, पुन्हा लोणावळा. माणूस खिडकीशी येतो, भाडं विचारतो. मग लेण्यांच्या पायऱ्या फार आहेत का, मग आईला चढवतील का, मग तुम्ही मूळचे कुठले, मग आमचे एक लांबचे काका तिकडेच असतात. निव्वळ वेस्ट.

यंत्र शेटना परवडणार नाही. पण पद्धत आणता येईल. यंत्राच्या जागी तूर्त मी बसेन.

९ ऑगस्ट, बुधवार

योजना कागदावर उतरवली. प्लॅनिंग, ट्रायल, मग सगळ्या शाखांत विस्तार. (सध्या शाखा एकच आहे. पण विस्तार ठेवला.)

चौकशीचा फॉर्म केला. पाच चौकोन: गाडीची वेळ, भाडं, स्थळांची माहिती, जेवणाची सोय, इतर. ग्राहकानं फक्त फुली मारायची. लिहायचं काही नाही, बोलायचं तर नाहीच. प्रत्येक चौकोनाचं उत्तर आधीच तयार. फुली बघायची, उत्तराचा कागद द्यायचा.

सौ. गुढीपाडव्यापासून माहेरी आहे, वाईला. सासूबाईंचे गुडघे. जाताना म्हणाली होती, तुमच्याशी बोलायचं म्हणजे अर्ज करावा लागतो. तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आज लक्षात आलं, बाई हुशार आहे. फॉर्मची मूळ कल्पना तिचीच म्हणायची. अहवालात तिचं नाव घालणार.

योजना बसली की मला हेड ऑफिसात घेतीलच. पुण्यात दोन खोल्यांची जागा. मग तिला बोलावून घेईन. तोवर कशाला दगदग.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

शेटचं उत्तर आलं. 'खर्च होणार नसेल तर काय वाटेल ते करा.' म्हणजे संपूर्ण अधिकार दिले.

भिमाजीला योजना समजावून सांगितली. तो म्हणाला, "सायेब, मान्सानं मान्साला इचारलं तर काय बिघाडतंय?" अशिक्षित माणसाला पद्धतशीरपणा पटायला वेळ लागतो. रागावलो नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

छपाईचा खर्च नको, म्हणून फॉर्म आणि उत्तरं हातानंच लिहितो. कार्बन घालून. संध्याकाळी भिमाजी बस लावून कार्ल्याला घरी गेला की ऑफिसमागच्या खोलीत बसतो. वेळ बरा जातो. पूर्वी संध्याकाळी ही खोली खायला उठायची. आता कामच इतकं आहे की तसं वाटायला सवड नाही. फार थोडं वाटतं.

पाचव्या चौकोनाचं उत्तर बराच वेळ सुचेना. 'इतर' म्हणजे काय काय असेल कोण जाणे. शेवटी लिहिलं: 'सदर चौकशी आमच्या कक्षेत येत नाही. आपला प्रवास सुखाचा होवो. व्यवस्थापक.' भाषा सुंदर साधली. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिली. ऐकायला कोणी नव्हतं.

३ सप्टेंबर, रविवार

सौ.चं पत्र. सासूबाई श्रावणात मांढरदेवीचा डोंगर चढून आल्या. गुडघे चांगलेच सुधारलेले दिसतात. खाली लिहिलंय, एक विचारायचं आहे, पत्रात नको, एखाद्या रविवारी येऊन जाता का?

प्लॅनिंगचा टप्पा ऐन भरात आहे. आत्ता जागा सोडणं शक्य नाही. बहुधा शिलाई मशीनचं असेल. मागे म्हणत होती.

पत्राचं उत्तर ट्रायलनंतर. म्हणजे सगळं एकदम, निकालासकट कळवता येईल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सुतार येऊन गेला. खिडकीला पूर्ण फळी मारली. खाली फक्त एक फट, हात जाईल एवढी. ग्राहक आणि व्यवस्थापक एकमेकांना दिसता कामा नयेत. दिसले की हसावं लागतं, हसलं की बोलणं वाढतं. बाहेर व्हरांड्यात बाक, फॉर्मचा गठ्ठा, दोरीला बांधलेली पेन्सिल, एक घंटा आणि पाटी: 'कृपया बोलू नये. फॉर्म भरावा. उत्तर मिळेल.'

आत जरा अंधार होतो. दिवसा दिवा लावावा लागतो. होईल सवय.

१७ सप्टेंबर, रविवार

ट्रायल सुरू. पहिल्या ग्राहकानं घंटा वाजवली आणि फटीतून वाकून विचारलं, "कोणी आहे का आत?" मी उत्तर दिलं नाही. पद्धत म्हणजे पद्धत. तो जरा वेळ थांबून गेला. लोकांना सवय लागेल.

२६ सप्टेंबर, मंगळवार

अत्यंत उत्साहवर्धक निकाल. खिडकीसमोरची गर्दी पूर्णपणे संपली.

भिमाजी म्हणतो, लोक शेजारच्या चिक्कीच्या दुकानात जाऊन आमच्या गाडीची वेळ विचारतात. विचारू देत. कामाचा भार वाटला गेला.

कार्ल्याला भागुबाईच्या टपरीवर फॉर्मचा एक गठ्ठा ठेवला होता, कारण आमची बस तिथेच थांबते आणि लोक भजी खायला उतरतात. तो संपला. तिनं निरोप धाडलाय, आणखी पाठवा. कार्ल्यात योजनेला केवढा प्रतिसाद! आज बसून नवा गठ्ठा लिहिला.

१ ऑक्टोबर, रविवार

पाहणीसाठी कार्ल्याला गेलो. भागुबाई फॉर्ममध्ये भजी बांधून देते. मी जाब विचारला. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद लय ग्वाड हाये बगा, त्याल पीत न्हाई." वर मला एक पुडी बांधून दिली. म्हणाली, "रोडावलाव. वयनी कवा येनार?"

म्हटलं, लवकरच. भजी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. फार दिवसांनी कोणीतरी समोर उभं राहून 'आणखी घ्या' म्हणत होतं.

तरी नोंद: कार्ला केंद्र बंद.

५ ऑक्टोबर, गुरुवार

नवरात्र. एकवीरेला माणूस लोटलाय. आमच्या बसमध्ये मात्र निम्म्या जागा रिकाम्या. शेटनी ट्रंक कॉल करून कारण विचारलं. मी सांगितलं, सिस्टिम बदलताना सुरुवातीला असं होतं, परदेशातही झालं होतं. (हे व्याख्यानात नव्हतं. पण झालंच असणार.)

सौ.चं दुसरं पत्र. दिवाळीला तरी येता का? ते विचारायचं अजून राहिलंय, त्यांना उत्तर द्यायला हवंय. 'त्यांना' म्हणजे कुणाला ते लिहिलेलं नाही. माहिती अर्धवट देण्याची तिची जुनी सवय आहे.

पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय' पुढे शाई वाळली. शेटना निकाल कळवून झाला की लिहीन.

८ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी स्टेशनवर गेलो. प्रवाशांचा अभ्यास करायला. पुण्याच्या लोकलमधून कोण उतरतं, किती सामान असतं, न्यायला कोण येतं. सगळ्यांनाच न्यायला कोणी येतं असं नाही, हे निरीक्षण महत्त्वाचं. पुढची लोकलही पाहिली. त्याच्या पुढचीही.

स्पष्ट लिहून ठेवतो, मी कुणाची वाट पाहत नव्हतो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

योजनेच्या इतिहासातला महत्त्वाचा दिवस. पाचव्या चौकोनाचा पहिला ग्राहक!

दुपारी बाहेर बांगड्यांचा आवाज झाला. स्त्री-ग्राहक. बराच वेळ बाकावर बसल्या होत्या. फॉर्म उचलल्याचं कळलं, पण फुली मारायला फार वेळ लावला. मला आत घाई झाली होती, पण बोललो नाही. शेवटी घंटा अगदी हळू वाजली. फटीतून फॉर्म आला. फुली 'इतर'वर. जोरात मारलेली, कागद थोडा फाटला होता.

लगेच तयार उत्तर बाहेर सरकवलं. एक शब्द वाया नाही. बाई थोड्या वेळानं निघून गेल्या. तक्रार नाही, वाद नाही. याला म्हणतात सिस्टिम!

शेटना सविस्तर लिहितो. आणि सौ.लाही. आता कळवायला काहीतरी आहे.

१८ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

भिमाजी बस पुसता पुसता म्हणाला, "काल वयनी आल्या व्हत्या न्हवं? मी ठेसनाकडं गेलतो, तितं भेटल्या. पिशवी व्हती संगं. लगीच कशापायी माघारी धाडलं?"

मी म्हणालो, तुला दुसरं कोणी दिसलं असेल.

तो म्हणाला, "मी काय वळखत न्हाई व्हय त्यांना? त्यांच्या हातचा च्या प्यालोय. इचारलं म्या, सायबांची गाठ पडली का? तर म्हनल्या, पडली. उत्तर मिळालं. आन लोकलमदी बसल्या."

त्याच दिवशी. दुपार

लागलं. जिव्हारी लागलं.

ती या फळीच्या पलीकडे बसली होती. मी अलीकडे होतो. हाताएवढं अंतर. बांगड्या मी ऐकल्या आणि 'स्त्री-ग्राहक' असं लिहिलं. चौदा वर्षांच्या संसारातल्या बांगड्या. उत्तराच्या कागदावर अक्षर माझं होतं, खाली 'व्यवस्थापक' असं मीच लिहिलेलं. तिला वाटलं असणार, पाटीखाली बसून तिनं विचारलं आणि मी ओळखून उत्तर दिलं.

हाक का मारली नाही तिनं? एक हाक. पण बोलू नये असं मीच लिहून टांगलं होतं, आणि ती पहिल्यापासून लिहिलेलं मानणारी.

त्याच दिवशी. संध्याकाळ

भिमाजीनं आणि मी मिळून फळी काढली. सुतारानं खिळे फार पक्के मारले होते. भिमाजी एकदाही काही बोलला नाही, आणि मला वाटत होतं, त्यानं काहीतरी बोलावं.

पत्र लिहिलं. 'ये. लगेच ये. मला कळलं नाही की तू आहेस.' बस. एरवी एवढंच लिहायला मला मार्गशीर्ष उजाडला असता.

२१ ऑक्टोबर, शनिवार

शेट स्वतः आले. नवरात्राचा हिशेब त्यांना पसंत नाही. म्हणाले, दिवाळी जाईपर्यंत जागा सोडायची नाही, खिडकीत बसायचं आणि प्रत्येक माणसाशी गोड बोलायचं. मी वाईला जायला दोन दिवसांची रजा मागितली. म्हणाले, आता? सीझनमध्ये?

योजनेविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. मीही काढला नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी. खिडकीत बसलो. एका कुटुंबानं भाडं विचारलं. मी भाडं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, आईंना सावकाश चढू द्या म्हणालो, उतरताना भागुबाईकडे भजी खा म्हणालो. मूळचे कुठले ते विचारलं. ते जायला निघाले तरी मी बोलत होतो. त्यातले गृहस्थ शेवटी घड्याळ पाहायला लागले.

वाईहून काही नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

कार्ड आलं. सौ.चंच. उतरवून ठेवतो.

'तुमचं पत्र पोचलं. त्याच्या आधीच मी होकार कळवून टाकला होता. इथल्या मुलींच्या शाळेनं शिवणाच्या बाई म्हणून विचारलं होतं. हो म्हणू की लोणावळ्याला परत येऊ, एवढंच विचारायला आले होते. राग नाही. वर्षभराचं बोलले आहे, मध्ये सोडता येणार नाही. आज पहिला दिवस. तुमच्याकडे थंडी वाढली असेल, सकाळी गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.'

भिमाजीनं विचारलं, वयनी बऱ्या हायेत न्हवं? म्हटलं, बऱ्या आहेत.

शाळेला मोठी सुट्टी कधी असते, ते शेजारी चिक्कीवाल्याकडे जाऊन विचारलं. त्याची मुलगी शाळेत जाते. मे महिन्यात असते, म्हणाला.

आमचा सीझनही मे महिन्यातच असतो.