सहा हजारांची मँडोलिन

३ जून
यंदाच्या स्पर्धेत ऑर्बिनच्या बँडमध्ये मँडोलिन कोण वाजवणार, मी की माझा मेहुणा व्हर्लन, हे पुढच्या शुक्रवारी ठरणार. यात ठरवायचं काय? व्हर्लनची मँडोलिन शंभर डॉलरची, प्लायवुडची, टपालाने आलेली. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. किळस येते.

४ जून
लेक्सिंग्टनचं वाद्यांचं दुकान. हजाराची वाजवून पाहिली. आवाज बरा, पण दांडा जाड आणि तारा बोटांना कापतात. मग सहा हजारांची. जाड तार छेडली, पोटात घुमली. डोळे भरून आले. घेतली. डेल्फिया म्हणाली, एवढ्यात नवं किचन झालं असतं. बायकोला कान नाहीत.

७ जून
फायर स्टेशनात शुक्रवारची बैठक. सगळे गोल बसून वाजवतात. ऑर्बिन ज्याच्याकडे बघून मान हलवेल, त्याने पुढचं कडवं एकट्याने वाजवायचं. माझ्याकडे मान वळलीच नाही. आखडली असावी. व्हर्लनने मक्याचा पाव खाऊन त्याच तुपकट हातांनी तारा धरल्या. शी.

शेवटी मीच सुचवलं: ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसावं, आम्ही दोघांनी तिन्ही वाद्यं वाजवावीत, त्यांनी किंमत ओळखावी. हजारवाली एक ऑर्बिनकडे आहेच. सगळे लगेच हो म्हणाले. बिचारे, प्लायवुडला विटलेत.

१३ जून
सराव करणार होतो. पण नवं वाद्य आधी रुळू द्यावं लागतं. पेटीतच रुळू दिलं.

१४ जून
व्हर्लनने आपला डबा वाजवला. सगळे म्हणाले, ही सहा हजारांची. मग मी माझी वाजवली. ऑर्बिन पाठमोराच म्हणाला, व्हर्लन, लेका, फेकून दे आता ती शंभरवाली. माझ्या हातात तिन्ही शंभरच्याच ठरल्या. काय ती सिमेंटची खोली! आवाज खाते. आणि हे बहिरे लोक! उबग आला या गावाचा.

१५ जून
सकाळी ऑर्बिनचा फोन. स्पर्धेत व्हर्लनच वाजवणार. पण म्हणाला, राग मानू नकोस गड्या, तुझी मँडोलिन त्याच्या हातात फार गोड लागते, तेवढी देशील का?

मी ठणकावून अट घातली, वाद्य जाईल तिथे मी येणार. तो म्हणाला, ये की, व्हॅन चालवायला माणूस हवाच होता.

डेल्फियाला सांगितलं, मला बँडमध्ये घेतलं.