टीच-आउटची शेगडी

१४ जानेवारी
विद्यापीठाचा मेल. नॉर्वेजियन विभाग बंद! नॉर्थ डकोटात दगड मारला तर नॉर्वेजियन आडनावाला लागतो (माझंही हॉगनेस), आणि विभाग बंद! भयंकर संताप आला. संतापात दुपारची झोप मात्र छान लागली. उद्यापासून पहाटे उठून व्याकरण. त्यात दोनदा नापास झालो आहे, पण दोन्ही वेळा परीक्षा सकाळी होती.

१५ जानेवारी
पहाट झाली. मी नव्हतो. बाहेर उणे तीस. उद्यापासून नक्की.

१७ जानेवारी
दुसरा मेल. सध्याच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये, त्यांच्यासाठी ‘टीच-आउट’ आहे, शुक्रवारी दुपारी सर्वांनी यावं. बघा, विद्यापीठालाही मन आहे! कुकआउट म्हणजे अंगणात शेगडी लावून सगळ्यांनी मिळून खाणं. तेव्हा टीच-आउट म्हणजे तेच, फक्त मास्तरांसोबत. रूममेट वेंडेल (शेतकी विभाग, म्हणून निर्धास्त) म्हणाला, जानेवारीत कोण गाढव अंगणात शेगडी लावतं? मी म्हणालो, नॉर्वेजियन.

२४ जानेवारी
काकाची शेगडी आणि पोतंभर सॉसेज घेऊन गेलो. डीनसाहेब पडद्यावर तक्ते दाखवत होते. टीच-आउटचा अर्थ असा निघाला, की टाळं लावण्याआधी आत असलेल्या मुलांना शिकवून बाहेर काढायचं. मेपर्यंत सगळे विषय सुटले तर नॉर्वेजियनची पदवी. नाही तर ‘सामान्य अभ्यास’ अशी पदवी. मी आणि सामान्य!

सगळे माझ्या सॉसेजकडे बघत होते. विभागात आता एकट्या इंगब्रेट्सन बाईच शिकवतात. त्या रडवेल्या झाल्या होत्या, त्या एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, आणलंयस ना बाळा, मग पेटव आता.

अंगणात नेऊन पेटवली. वासानं लायब्ररी ओस पडली. डीनसाहेबांनी दोन खाल्ली. कोणीतरी म्हणालं, हे आंदोलन आहे वाटतं. मला ते आधीपासून माहीत होतं.

३१ जानेवारी
आंदोलन आता दर शुक्रवारी. घोषणा ‘नॉर्वेजियन वाचवा’ अशी होती, पण पाटीवर मावेना. म्हणून ‘पोल्से वाचवा’. पोल्से म्हणजे नॉर्वेजियनमध्ये सॉसेज. अडचण एकच. बाईंचा व्याकरणाचा तास त्याच वेळी असतो. पण भाषाच वाचली नाही तर व्याकरण शिकून करायचं काय?

२१ फेब्रुवारी
तुफान गर्दी. मोहरी-सॉस संपला. माझ्या वर्गातली मॅरिट स्टेनरूड तास संपवून खाली आली आणि सगळ्यांदेखत मला झापलं. वर्गात ती एकटीच असते म्हणे. म्हणाली, बाईंनी निवृत्ती पुढे ढकलली ती आपल्या दोघांसाठी, आणि तू इथे कांदे चिरत बसतोस, लाज नाही वाटत?

वाटली. खरंच वाटली. रात्री जेवलो नाही (दुपारी पाच सॉसेज झाली होती). उद्यापासून व्याकरण.

२२ फेब्रुवारी
शनिवार आहे हे लक्षातच नव्हतं.

१४ मार्च
डीनसाहेब स्वतः आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एवढी मुलं एका जागी पहिल्यांदाच पाहतोय, वरपर्यंत कळवतो. जिंकलो! धावत बाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, फार छान, आता बस आणि क्रियापदं म्हणून दाखव. म्हटलं, बाई, आजच्या दिवशी?

२ मे
तोंडी परीक्षा. बाईंनी सोप्यात सोपं विचारलं. या सत्रात काय काय केलंस ते नॉर्वेजियनमध्ये सांग.
म्हणालो, पोल्से.
त्या वाट बघत राहिल्या. मी पुन्हा पोल्से म्हणालो, जरा भावना ओतून. बाई म्हणाल्या, उच्चार अगदी स्वच्छ आहे रे, ऑस्लोत उपाशी मरणार नाहीस. एखादं क्रियापद? एखादंच?
खिडकीबाहेर बघितलं. बर्फ वितळलंय.

१६ मे
पदवीदान. मॅरिट: नॉर्वेजियन, विभागाची शेवटची विद्यार्थिनी. मी: सामान्य अभ्यास.

डीनसाहेबांनी भाषणात सांगितलं, की शुक्रवारच्या गर्दीतून विद्यार्थ्यांची खरी मागणी विद्यापीठाला कळली, आणि तिचा मान राखून नवा विभाग सुरू होत आहे. खाद्यसेवा आणि समारंभ व्यवस्थापन. जागा: इंगब्रेट्सन बाईंची खोली. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. वेंडेलनं तर शिट्टी मारली. बाईंनीही वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नंतर बाई खोकी गाडीत भरत होत्या. मी मदत केली. माफी मागायची होती, पण तोंडून भलतंच निघालं, की घरी शिकवाल का? त्या म्हणाल्या, का नाही, कधीपासून येतोस?
म्हणालो, उद्यापासून.
म्हणाल्या, हेच नॉर्वेजियनमध्ये सांग.
‘उद्या’ला काय म्हणतात, आठवेना.