मियोच्या दातांचा खडा

कुरायोशी, १ ऑक्टोबर

चि. कियोनोस ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी कोण आलं सांगू? आपल्या मिहोकोचा नवा नवरा, कुवाबारा! ती मागे गाडीत बाळाचा लंगोट बदलत होती. हा एकटाच दारात, हातात मिठाईचा खोका, घामाघूम. माझा लेक कोईची जाऊन सहा वर्षं झाली. सुनेला दुसरं लग्न कर म्हणून मीच सांगितलं होतं. पण आमच्या ह्यांनी बजावलं होतं की एकदा जेवू दे, मग पुरे, ती आता परक्या घरची. मला धास्ती तीच, की हे पहिलं येणं तेच शेवटचं.

कुवाबारा बूट काढून थेट पितरांच्या देव्हाऱ्यापुढे बसला. खोका कोईचीच्या फोटोसमोर ठेवला, घंटी वाजवली, हात जोडून इतका वेळ बसला की पायाला मुंग्या आल्या आणि उठताना ह्यांच्याच अंगावर कलंडला. ह्यांनी धरलं.

सार मी शिंपल्यांचं केलं होतं, मीठ जरा जास्तच. तर मिहोकोने डब्यातून अख्खा भाजलेला मासा आणि तांबडा भात काढला. बाळाला, म्हणजे मियोला, त्या दिवशी शंभर दिवस पुरे झाले होते, उष्टावण इथेच करायचं म्हणे. मुलीला सगळ्यांत वडील बाईने भरवायचं. मी म्हटलं, तिकडे सासू आहे की गं तुला! तर म्हणते, त्या अडुसष्टच्या, आई, तुम्ही एक्याऐंशीच्या, वयात तुम्हाला कोण हरवणार! मी भाताचं शीत तिच्या ओठाला लावलं. तिने माझं बोटच धरून चोखलं.

पण दात बळकट व्हावेत म्हणून देवळातला खडा लागतो ना, तोच आणायचा राहिला. मिहोको म्हणाली, नसला तरी चालेल. हे एकदम उठले, चालेल कसं म्हणाले, म्हणजे मुलीने बोळक्यानेच जन्म काढायचा का! टोपी न घालता गेले, टेकडी चढून खडा घेऊन आले, तीनदा धुतला. जेवायची काठी खड्याला टेकवून मी मियोच्या हिरडीला लावली.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई, फुसाए

हागी, ६ ऑक्टोबर

ती. ताईस कियोनोचा वाकून नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. भावोजींचा गुडघा जुन्या गाडीसारखा सोयीने चालतो, सोयीने अडतो, असं नव्हे ना? मागे माझ्याकडे यायचं तर जिना चढवत नव्हता. एक विचारते, तो खडा देवळात परत ठेवायचा असतो. भावोजी रोज सकाळी तिथेच फेरीला जातात, मग ठेवला का? आणि ती मंडळी पुन्हा येणार का, ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी, कियोनो

कुरायोशी, १० ऑक्टोबर

चि. कियोनोस आशीर्वाद.

खडा कोईचीच्या फोटोजवळ आहे. मी न्यायला घेतला तर हे खेकसले की हात लावू नकोस, ज्याच्या दातांचा त्यानेच नेऊन ठेवायचा. असा नियम मी एक्याऐंशी वर्षांत ऐकलेला नाही. मग ह्यांनी स्वतः कुवाबाराला फोन लावला, तुमची वस्तू आमच्याकडे पडून आहे म्हणून दरडावलं. तो बिचारा माफी मागू लागला. मियोला घेऊन येतो म्हणाला, आणि मिहोकोने मागून ओरडून दिवस सांगितला.

तू खुशाल अस, हेच मागणं.
तुझी ताई, फुसाए

ता. क. रविवार, अठ्ठावीस ऑक्टोबर. जेवायलाच.