लाल कडेची केबल आणि माझी इतर मालमत्ता

दिनांक १५ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी, दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या अंगणातल्या कार्यक्रमात, मी बनवलेल्या सिंथेसायझरच्या मॉड्यूलमधून धूर निघाला आणि मी साठेक माणसांसमोर माझ्यासोबत वाजवणाऱ्या तेजस्विनीवर ओरडलो. माझं सगळं तिथून बदललं, म्हणून मृत्युपत्रही तिथूनच सुरू करतो.

मी, रुद्र महेश गायधनी, वय २२, राहणार नाशिक, इंजिनिअरिंग अडीच वर्षं करून सोडलेला, हे शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. सोमवारी माझ्या उजव्या कानामागची गाठ काढणार आहेत. जिवाला धोका फारसा नाही, पण त्या कानाने पुढे ऐकू येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. संमतीच्या कागदावर मात्र दोन्ही धोके छापलेले होते. सही करून घरी आलो आणि हा कागद पुढे ओढला.

१. घर माझं नाही. गच्चीवरची पत्र्याची खोली बाबांनी वापरायला दिली होती, ती त्यांना परत.

२. मल्टिमीटरही बाबांनाच. त्यांच्या दुकानात वायरमध्ये करंट आहे का हे ते अजून बोटानेच चाचपतात. मी कॉलेज सोडल्यावर तीन महिने ते माझ्याविषयी आईला "तुमचे चिरंजीव" म्हणत होते. त्याबद्दलची माझी तक्रार मागे घेतो.

३. सोल्डरिंगचं सामान धाकट्या बहिणीला, योगिनीला. सोमवारच्या आत हात लावलास तर हे कलम रद्द.

४. फाटलेलं जर्नल लॅबच्या सरांना. प्रयोगात ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर दिसली तशी वाकडी लाट मी काढली. ते म्हणाले, "दिसते ती नको, पुस्तकातली काढ." मी जर्नल फाडून निघालो तो परत गेलो नाही. लाट वाकडीच होती. जर्नल फाडायला नको होतं.

५. वेव्हफोल्डर तेजस्विनीला. हे मॉड्यूल सिंथेसायझरमधल्या आवाजाची लाट घेतं आणि ती मर्यादेबाहेर गेली की शेंडा छाटण्याऐवजी आत दुमडतं. घडीवर घडी पडत साधा आवाज दाट होत जातो. माझ्या पहिल्या सर्किटमध्ये वरची आणि खालची घडी अगदी सारखी पडायची. तेजस्विनी ऐकून म्हणाली, "इस्त्री केल्यासारखं वाटतंय रे. एका बाजूला आधी दुमडू दे ना." मी त्यासाठी एक बटण वाढवलं आणि तो आवाज माणसाच्या गळ्याच्या जवळ गेला. पॅनेलवर नाव मात्र एकट्या माझं कोरलं.

आता याच मॉड्यूलमधून धूर निघाला त्या संध्याकाळचं. वीज देणाऱ्या चपट्या केबलला एक लाल कड असते. ती खाली, उणे बारा व्होल्टच्या बाजूला यावी लागते, नाहीतर मॉड्यूल जळतं. तेजस्विनीने विचारलं होतं, "लाल कड खाली ना?" मी मान वर न करता म्हणालो, "हो, लाव." धूर निघाल्यावर म्हणालो, "एक केबल धड लावता येत नाही?" ती एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुला." आणि निघून गेली.

चार दिवसांनी मीटर लावून बघितलं. तिने कड बरोबर लावली होती. केबल मी बनवली होती, आणि तिच्या टोकाचा कनेक्टर मीच उलटा दाबला होता. जळलेली आयसी, म्हणजे आतली चिप, दहा मिनिटांत बदलली. पाच महिने झाले, हे तिला सांगितलेलं नाही. रोज तिचा नंबर काढतो आणि फोन उलटा ठेवतो. माझं तिच्यावर प्रेम आहे, हेही या कलमात धरावं.

६. साक्षीदाराला काही देऊ नये असं ऐकलं आहे, त्यामुळे मित्र धम्मपाल याला काही नाही.

धम्मपालने आत्ताच हे वाचलं. म्हणाला, "सही करतो. पण पाचवं कलम तू मेल्यावर वाचायचं? आणि नाही मेलास तर? तोवर लोकांत तीच केबल उलटी लावणारी?" सोल्डरिंग शिकवणारे खंडेराव काका चष्मा पुसत म्हणाले, "दोन्ही कान शाबूत आहेत तोवर जा. ती काय बोलते ते नीट ऐकून तरी येशील."

म्हणून पाचव्या कलमातली कबुली मृत्युपत्रातून काढत आहे. मॉड्यूल तिचंच, पण ते आज देईन. बाकी कलमं कायम.

सही: रुद्र महेश गायधनी
साक्षीदार: १. धम्मपाल २. खंडेराव
नाशिक, शनिवार, १२ जुलै २०२५

कागद काकांनी ठेवून घ्यावा. तेजस्विनी पंचवटीत राहते आणि या वेळी घरी असते. मी निघालो, दार ओढून घेतो.